प्राथमिक शाळेचे ग्रंथालय आणि त्यातील उपक्रम

प्राथमिक शाळेचे ग्रंथालय ही मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरची पुस्तके हाताळण्याची, ऐकण्याची, वाचण्याची आणि त्यांविषयी बोलण्याची जागा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे बंधनकारक आहे. वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके तिथे मिळावीत, अशी त्यात तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेतही सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी शाळेच्या स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपयांचे वार्षिक अनुदान ठेवलेले आहे. पुस्तके शाळेत पोहोचवण्याची ही सोय झाली. मुलांना वाचक करण्याचे काम मात्र ग्रंथालयात रोज चालणाऱ्या उपक्रमांवरच अवलंबून असते.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक वर्गाची सुरुवात गोष्टी सांगून करतो आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे छोटे वाचनालय उभारतो. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यातही गोष्ट आणि गाणे यांना मानाचे स्थान होते.

जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत वेगळा ग्रंथपाल नसतो. एखाद्या शिक्षकाकडेच ग्रंथालयाचा कार्यभार असतो. स्वतंत्र खोली नसेल तर वर्गातला वाचनकोपरा, पुस्तके अडकवायला व्हरांड्यात बांधलेली दोरी किंवा वर्गावर्गांत फिरणारी पुस्तकपेटीही पुरते. पुस्तके मात्र मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर आणि मुखपृष्ठ समोर ठेवून मांडावी लागतात. नुकते अक्षर ओळखू लागलेले मूल चित्र पाहूनच पुस्तक निवडते. कण्यावरचे बारीक नाव त्याच्या कामाचे नसते. चित्रपुस्तक, एका पानावर एक-दोन वाक्यांचे पुस्तक, मोठ्या गोष्टीचे पुस्तक असे स्तर रंगीत पट्ट्या चिकटवून दाखवले, तर निवड आणखी सोपी होते. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची बालपुस्तके आणि बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यांतून मराठी शाळेचा चांगला संग्रह उभा राहतो.

सर्वांत महत्त्वाचा उपक्रम प्रकट वाचनाचा. शिक्षक पुस्तक आधी स्वतः वाचून ठेवतात आणि मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवतात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचातील एखादे पुस्तक घेतले, तर प्रथम मुखपृष्ठ दाखवून ‘चित्रात कोण कोण दिसतंय?’ एवढेच विचारायचे. मुले अंदाज बांधतात. मग पान मुलांकडे वळवून, आवाजात चढउतार ठेवून वाचायचे. एकदोन ठिकाणी थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारायचे, मात्र दर पानाला थांबून गोष्टीची लय मोडायची नाही. राधा आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते, त्यामुळे वाचन संपताच मुलांना आपले आजी-आजोबा, काका आठवू लागतात. ते बोलणे हाच आकलनाचा पुरावा असतो. त्यानंतर मुले आपल्या घराची चित्रे काढतात आणि चित्राखाली ओळ लिहितात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची ओळ शिक्षक त्यांच्याच शब्दांत लिहून देतात. ती पाने शिवली की वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होते आणि तेही मांडणीवर ठेवले जाते. पावरी, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत आजीकडून ऐकलेली गोष्ट अशाच पुस्तकात घरच्या भाषेत येऊ शकते.

प्रकट वाचनाच्या जोडीला स्वतंत्र वाचनाचा वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटे प्रत्येकाने आवडीचे पुस्तक घेऊन बसायचे. शिक्षकांनीही तेव्हा वाचायचे, वह्या तपासायच्या नाहीत. पुस्तके घरी नेण्याची देवघेव तिसरी-चौथीची मुले आळीपाळीने सांभाळू शकतात. नाव, पुस्तक क्रमांक, दिलेली तारीख आणि परत आलेली तारीख असे चार रकाने आखले की नोंदवही तयार होते. फाटलेल्या पुस्तकांसाठी ‘पुस्तकांचा दवाखाना’ भरवावा. खळ, कागदाच्या पट्ट्या आणि सुईदोरा घेऊन मुले पाने जोडतात आणि पुस्तक जपायला आपसूक शिकतात. पान फाटले म्हणून दंड केला, तर मूल पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही.

चौथी-पाचवीत माहितीच्या शोधाचे उपक्रम सुरू करता येतात. परिसर अभ्यासात शिवकाल शिकणाऱ्या मुलांना जवळच्या किल्ल्याविषयी प्रश्न तयार करायला सांगावे : पाणी कुठून येत असे? दरवाजे किती? मग अनुक्रमणिका पाहून योग्य पान शोधणे, दोन पुस्तकांतील माहिती ताडून पाहणे, गावातल्या जाणत्या माणसाला विचारणे आणि स्वतःच्या शब्दांत टिपण काढणे ही कौशल्ये क्रमाने येतात. पुस्तकातला मजकूर उतरवून काढण्यात यातले काहीच साधत नाही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके बाहेर काढून संध्याकाळी पुन्हा कुलपात ठेवली, तर वाचक घडत नाहीत. त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याची ठरलेली तासिका हवी आणि ती दुसऱ्या विषयाला देऊन टाकता कामा नये. प्रत्येक पुस्तकानंतर प्रश्नोत्तरे लिहून घेणे आणि किती पुस्तके वाचली याची चढाओढ लावणेही टाळावे, कारण त्यामुळे मुलांना वाचन गृहपाठासारखे वाटू लागते.

ग्रंथालय चालते की नाही, हे पाहणे अवघड नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही मांडली जाते, तिच्याशेजारी मुलांनी लिहिलेली देवघेव नोंदवहीही मांडावी. गेल्या आठवड्यात किती पुस्तके घरी गेली, हा प्रश्न पालकांनी प्रत्येक बैठकीत विचारावा.