चूक आठव्या ओळीत, बोट तेराशे एकोणिसाव्या ओळीकडे

ग्नू प्रकल्पाच्या बायसन या प्रोग्रॅमला एखाद्या भाषेचं व्याकरण दिलं की तो सी भाषेतला पार्सर, म्हणजे त्या भाषेतला मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, लिहून देतो. त्याच्या आधीच्या, स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या याकचंही काम हेच. नियमांना जोडलेल्या ॲक्शन, म्हणजे आपण लिहिलेला सी कोड, बायसन न तपासता उचलतो आणि तयार फाइलमध्ये बसवतो. त्यातली चूक पुढे सी कंपायलरला सापडते. पण त्याच्यासमोर असते ती तयार फाइल. चूक आपल्या व्याकरणाच्या ८व्या ओळीत, तक्रार १३१९व्या ओळीची. आणि ती फाइल तर आपण कधी उघडतही नाही.

उपाय सी भाषेतच आहे. ‘#लाइन ८ "इनपुट.वाय"’ असा निर्देश आला की त्याच्या लगेच पुढची ओळ ही इनपुट.वायची, म्हणजे आपल्या व्याकरणाच्या फाइलची, ८वी ओळ, असं कंपायलर धरून चालतो. बायसन ॲक्शनच्या आधी असा निर्देश घालतो आणि ॲक्शन संपली की दुसरा, तयार फाइलच्या मोजणीवर परत आणणारा.

हे आकडे बरोबर पडतात का, हे तपासायचं कसं? मुद्दाम चूक पेरायची. पण कुठलीही चूक चालत नाही. अर्धविराम गाळला तर एक कंपायलर त्याच ओळीवर बोट ठेवतो, दुसरा पुढच्या. म्हणून बायसनच्या चाचण्यांमध्ये मुद्दाम तक्रार करायला लावणारा ‘#एरर’ हा निर्देश वापरतात. कंपायलरचा पहिला टप्पा असलेला प्रीप्रोसेसर नेमका त्याच ओळीवर तक्रार करतो, तिथे मतभेदाला जागा नाही. शिवाय संदेशात ओळीचाच आकडा लिहायचा: ८व्या ओळीवर ‘#एरर "८"’. मग कंपायलरने ‘इनपुट.वाय:८’ म्हटलं की जमलं. मला ही युक्ती फार आवडते, कारण अपेक्षित उत्तर चुकीच्याच पोटात असतं. हीच चाचणी व्याकरणाच्या फाइलमधल्या प्रोलॉग, युनियन, डिस्ट्रक्टर, एपिलॉग अशा प्रत्येक जागी वेगळी करावी लागते, कारण प्रत्येक तुकडा तयार फाइलमध्ये वेगळ्या वाटेने जातो.

खरी कटकट संदेशाच्या रूपाची. कोणी कंपायलर स्तंभाचा आकडा जोडतो, कोणी खाली मूळ ओळ छापून बाणाची खूण काढतो. हे सगळं छाटून फाइल, ओळ आणि मजकूर एवढंच उरवायचं, मग ताडायचं. संदेश ओळखूच येत नसेल तर चाचणी ‘नापास’ न म्हणता सोडून द्यायची. ग्नूच्या रिवाजात त्यासाठी ७७ हा एक्झिट कोड आहे.

परतीचा निर्देश जास्त नाजूक. तो १३२५व्या ओळीवर असेल तर आत १३२६ हवं, कारण आकडा पुढच्या ओळीचा असतो. वर किती ओळी जमणार हे आधी माहीत नसतं, म्हणून तिथे खूण ठेवून फाइल लिहिताना आकडा भरतात. हे तपासायला कंपायलरही लागत नाही: तयार फाइल ओळीओळीने वाचायची, आणि तिचंच नाव असलेल्या प्रत्येक निर्देशातला आकडा त्याच्या खऱ्या जागेपेक्षा बरोबर एकाने जास्त आहे का, एवढंच पाहायचं.