पडद्यावरची शर्यत आणि खिशातली किल्ली

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारका उपनगरात गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारतींची रांगच लागली आहे. तेथील एखाद्या दिवाणखान्यात मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम सुरू झाला, की मुलांमध्ये जुना वाद रंगतो : ‘ग्रान टुरिस्मो’ श्रेष्ठ की ‘फोर्झा’?

पहिला खेळ १९९७ मध्ये जपानच्या काझुनोरी यामाउची यांनी प्लेस्टेशनसाठी साकारला. दुसरा २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर अवतरला. वळणावर गाडीचा भार कसा सरकतो, टायरची पकड केव्हा सुटते, याचे गणित दोघेही मांडतात. मात्र धडकेनंतर गाडीला पडलेला पोचा फोर्झामध्ये प्रारंभापासून दिसे. ग्रान टुरिस्मोमध्ये तो दिसण्यास २०१० ची पाचवी आवृत्ती यावी लागली. या आवृत्तीत १,००० हून अधिक गाड्या होत्या. परंतु त्यांतील सुमारे ८०० जुन्या आवृत्त्यांतून आणलेल्या होत्या आणि बारकाईने घडविलेल्या जेमतेम २००. ताळेबंद वाचणाऱ्यास हे परिचित वाटेल : मालमत्तेची बेरीज मोठी असली, तरी तिची प्रतही पाहावी लागते.

राजधानी परिसरास या विषयात एक जवळचे उदाहरण लाभले. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली फॉर्म्युला वन भारतीय ग्रांप्री झाली. कोडमास्टर्सचा ‘एफ-वन २०११’ हा खेळ त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, या सर्किटसह बाजारात आला होता. त्यामुळे शर्यतीपूर्वीच ती वळणे घरबसल्या अनुभवता आली. प्रत्यक्ष ग्रांप्री तेथे २०१३ पर्यंतच झाली.

तथापि, कितीही अस्सल खेळात एक गोष्ट नसते, ती म्हणजे चुकीची किंमत. २००९ च्या तिसऱ्या फोर्झामध्ये एक बटण दाबताच काही क्षण मागे जाऊन चूक पुसता येऊ लागली. द्वारकेच्या रुंद रस्त्यांवर अशी सोय नाही. पडद्यावर तरबेज झालेला मुलगा एखाद्या संध्याकाळी खऱ्या गाडीची किल्ली मागतो, तेव्हा पालकांचीच परीक्षा असते. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गेलेला जीव तर कोणत्याही दंडाने परत येत नाही.

खेळ आवडेल तो निवडावा. मोटारीची किल्ली मात्र मुलास १८ वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत वडीलधाऱ्यांच्याच खिशात राहावी, हेच इष्ट होय.