अभ्रिका छायाचित्र-संस्करण

अभ्रिकेच्या छायाचित्रात नोंदला गेलेला, परंतु सहज नजरेस न येणारा अतिमंद तपशील दृश्यमान करण्याची प्रक्रिया. संस्करणाने नवा प्रकाश निर्माण होत नाही. पट्टिकेपर्यंत अथवा संवेदकापर्यंत जो पोहोचलाच नाही, तो कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही. आकाशाची उजळी, उपकरणाचे दोष व यदृच्छ चढउतार यांतून अभ्रिकेचा स्वतःचा प्रकाश वेगळा काढणे एवढेच या प्रक्रियेचे कार्य होय. मृग नक्षत्रातील प्रसिद्ध अभ्रिकेचा गाभा व तिच्या कडेचे विरळ पदर यांच्या तेजस्वितेत हजारो पटींचा फरक असतो. छापील कागदावर त्यातील फार थोडा पल्ला दाखविता येतो.

याच अभ्रिकेचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटांच्या उद्भासनाने घेतले. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी ९१ सेंमी. व्यासाच्या परावर्ती दूरदर्शकाने घेतलेल्या छायाचित्रात डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत (१८८८–१९१२) कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटातील मुख्य हिरव्या रेषेचा अभ्यास केला. ही रेषा मॅग्नेशियमामुळे उद्भवते, हे नॉर्मन लॉक्यर यांचे मत त्यांच्या १८९१ मधील निरीक्षणांशी जुळले नाही. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनाची आहे, असे १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी दाखविले. सुमारे ५,००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची हीच रेषा आजच्या अरुंद पट्ट्याच्या प्रकाशगाळण्यांतून वेगळी टिपली जाते.

काचपट्टिकांच्या काळातील संस्करण अंधाऱ्या खोलीत होई. मूळ व्यस्त प्रतीची मुद्दाम अस्पष्ट केलेली सम प्रत तिच्यावर बसवून छपाई केली, की गाभ्याचा भडकपणा दबतो व बारीक तंतू उठून दिसतात. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी आणखी एक मार्ग अवलंबिला. अतिमंद प्रतिमा पायसाच्या वरच्या थरातच असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी विसरित प्रकाशात तीव्र विरोधाच्या फिल्मवर संस्पर्श-प्रती काढल्या. अशा अनेक प्रती एकमेकींवर जुळविल्या, की पायसाच्या कणांचा खडबडीतपणा कमी होतो.

सीसीडी व तत्सम इलेक्ट्रॉनीय संवेदकांमुळे हे काम गणिताचे झाले. प्रथम झाकण लावून घेतलेले अंधचित्र वजा करतात व एकसारख्या उजळ पृष्ठाच्या चित्राने भागतात. त्यामुळे संवेदकातील असमानता व धुळीचे डाग निघून जातात. नंतर अनेक उद्भासने ताऱ्यांच्या आधारे जुळवून त्यांची सरासरी घेतात. शेवटी मंद भाग अधिक व तेजस्वी भाग कमी उचलला जाईल अशा वक्राने, उदा., लॉगरिथमी वक्राने, चित्र ताणतात. हे ताणणे डोळ्यांसाठी असते. तेजस्वितेचे मापन मात्र न ताणलेल्या चित्रावरच करावे लागते.

आकाशाच्या उजळीचा परिणाम पुण्याच्या दक्षिण टोकावरील कात्रज येथे चांगला ध्यानात येतो. शहराचा विस्तार तेथून उत्तरेकडे असल्याने त्या बाजूची पार्श्वभूमी अधिक उजळ येते. अगस्त्य तारा ज्या नौतल तारकासमूहात आहे, त्यातील ईटा कॅरिनी अभ्रिका दक्षिणेस घाटाच्या बाजूला क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर येते. तिचा प्रकाश डोक्यावरील ताऱ्याच्या मानाने साडेचार पटींहून अधिक हवेतून येतो. पार्श्वभूमीचा उतार अभ्रिकाविरहित भागांवरून मोजून वजा करता येतो. पण त्या उजळीसोबत आलेला यदृच्छ चढउतार वजा होत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. समजा, एका उद्भासनात एका चित्रांशावर अभ्रिकेचे १० व आकाशाचे १,००० फोटॉन नोंदले गेले. चढउतार एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ३२ असल्याने अभ्रिका त्यात बुडते. अशी १०० उद्भासने मिळविल्यास अभ्रिकेचे १,००० फोटॉन होतात व चढउतार सुमारे ३१८ राहतो. ती जेमतेम ओळखू येते. जेथे आकाशाचे केवळ ५० फोटॉन येतात, अशा अंधाऱ्या ठिकाणी हेच फळ ६ उद्भासनांत मिळते. शहरानजीक काम करणाऱ्यास अरुंद पट्ट्याच्या गाळण्या उपयोगी पडतात त्या यामुळेच. त्या अभ्रिकेची रेषा जाऊ देतात व दिव्यांचा बहुतेक प्रकाश अडवितात. परावर्तन अभ्रिका मात्र ताऱ्याचा अखंड वर्णपट परावर्तित करीत असल्याने तिच्या बाबतीत हा उपाय निरुपयोगी ठरतो.

अतिरिक्त संस्करणाने नसलेला तपशीलही उत्पन्न होतो. जास्त धार लावल्यास ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात. पार्श्वभूमी चुकीची वजा केल्यास अभ्रिकेचा बाह्य भागच पुसला जातो. नमुन्यांवरून शिकलेल्या संगणकीय प्रणाली चढउतार पुसताना तेथे संभाव्य वाटणारे तंतू रेखाटू शकतात, म्हणून त्यांची फलिते विशेष सावधपणे घ्यावी लागतात. उद्भासनांचे दोन स्वतंत्र गट करून दोन्हींत तोच आकार येतो का हे पाहणे, ही साधी परीक्षा होय. दुसऱ्या दूरदर्शकाने खात्री करणे त्याहून चांगले. देवयानी दीर्घिकेनजीक सुमारे दीड अंश लांबीची ऑक्सिजनाची मंद कमान हौशी निरीक्षकांना २०२२ मध्ये आढळली, तेव्हा असेच करण्यात आले. या दीर्घिकेची छायाचित्रे शतकाहून अधिक काळ घेतली जात होती. तरी वेगळ्या ठिकाणच्या दूरदर्शकांनी तीच कमान टिपल्यानंतर तिचा शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.