कासिना दे पेकीची भट्टी

मिलानची हिरवी मेट्रो पूर्वेला जेस्साते गावाकडे निघाली की काही वेळानं बोगद्यातून वर येते आणि उघड्यावर धावू लागते. जवळूनच मार्तेसाना नावाचा जुना कालवा वाहतो. या वाटेवर कासिना दे पेकी नावाचं छोटं स्टेशन लागतं. प्रवासी कंपन्यांच्या सहलपत्रिकेत हे नाव सहसा सापडत नाही. तरी इटलीच्या कानाकोपऱ्यात ते पोचलं, एका पिझ्झाच्या दुकानामुळे.

दुकानाचं नाव पिझ्झाउत. त्यातला पिझ्झा सगळ्यांना कळतो. ‘आउत’ आलाय ‘आउतिझ्मो’वरून, म्हणजे स्वमग्नता. इथं भट्टीपाशी आणि टेबलांपाशी काम करणारी तरुण मुलं स्वमग्न आहेत. सोबतीला शिकवणारे, सांभाळून घेणारे अनुभवी लोक असतात. पण मुलं तिथं वेळ घालवायला येत नाहीत. त्यांच्याशी रीतसर नोकरीचा करार झालेला आहे आणि महिन्याला पगार मिळतो. या सगळ्या खटाटोपाचं मोल त्या पगारात आहे.

हे उभं केलं निको आकाम्पोरा या बापानं. पेशानं ते ‘एदुकातोरे’, म्हणजे अडचणीतल्या मुलामाणसांसोबत काम करणारे शिक्षक. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. २०१७ च्या सुमाराला त्यांनी ही कल्पना मांडली आणि इतर पालक त्यांच्याभोवती जमले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांच्या कलेला युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. ज्या पदार्थावर देशाचा एवढा जीव, तोच या पालकांनी मुलांच्या हाती सोपवायचं ठरवलं.

इटलीत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न बराच आधी हाती घेतला गेला. १९७७ च्या कायद्यानं वेगळे वर्ग बंद झाले आणि ही मुलं नेहमीच्या वर्गात, मदतनीस शिक्षकासह बसू लागली. जगात फार थोड्या देशांनी त्या काळी एवढं धाडस केलं होतं. १९९९ चा ६८ क्रमांकाचा कायदा तर नोकरीबद्दलच आहे: १५ ते ३५ कर्मचारी असतील तर एक जागा, ३६ ते ५० असतील तर दोन, आणि ५० च्या वर गेल्यावर ७ टक्के जागा अपंग व्यक्तींना द्यायच्या. कागदावर हे भक्कम दिसतं. पण मुलाखतीत नजरेला नजर देता येत नाही, गप्पांत गप्पा मिसळता येत नाहीत, अशा मुलाला त्या जागेपर्यंत पोचवणार कोण? शाळा सुटली की घर, आणि घरात थकत चाललेले आईबाप.

इटालियन पालकांच्या तोंडी यासाठी तीन शब्द आहेत: ‘दोपो दी नोई’, आमच्यानंतर. २०१६ साली तिथल्या संसदेनं आधार तुटलेल्या गंभीर अपंग व्यक्तींसाठी कायदा केला, त्यालाही लोक याच नावानं ओळखतात. आपल्याकडे पुण्या-नागपूरच्या विशेष शाळांच्या फाटकाबाहेर थांबलेल्या आया ‘आमच्या माघारी याचं कसं?’ म्हणतात, तेव्हा त्या हेच विचारत असतात.

मग पिझ्झाच का? कामाकडे जवळून पाहिलं की ते उमगतं. पिठाचा गोळा तराजूवर तोलतात. नेपल्सच्या पद्धतीत तो साधारण २०० ते २५० ग्रॅमचा. मग बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायचा. लाटणं वापरायचं नाही. भाकरी थापताना आपण कडही पातळ करत नेतो. इथं उलट, कड तेवढी फुगीर सोडायची. मग टोमॅटो, मधून बाहेर गोल-गोल फिरवत. मग चीज, तुळशीच्या कुळातली बेसिलची पानं, तेलाची धार. प्रत्येक वेळी क्रम तोच. स्वमग्न माणसांपैकी अनेकांना असा ठरलेला क्रम धीर देतो आणि त्यात त्यांची अचूकता फुलते. जड जातो तो गोंगाट, ऐन वेळचा बदल आणि मोघम बोलणं. ‘चवीपुरतं मीठ’ या दोन शब्दांत आपल्या पाककृतींची सगळी मजा असली, तरी शब्दाला धरून चालणाऱ्या मनाला ते कोडं वाटतं. ग्रॅम सांगितले की कोडं सुटतं. कामाला माणूस जुळत नसेल तर कामाची मांडणी बदलायची, एवढी साधी गोष्ट आहे ही. ती करायला मात्र बापाची चिकाटी लागली.

सुरुवात झाली ती फिरत्या गाडीतून आणि दुसऱ्यांच्या हॉटेलांत एखाद-दुसरी संध्याकाळ मागून घेऊन. स्वतःची जागा तयार होत आली आणि करोना आला. मिलान ज्या प्रदेशात आहे त्या लोम्बार्डीनं त्या काळात काय सोसलं ते जगानं पाहिलं. अखेर १ मे २०२१ रोजी, कामगार दिनी, कासिना दे पेकीत दार उघडलं. निर्बंधांमुळे त्या आठवड्यात हॉटेलांना फक्त उघड्यावर जेवण वाढायची मुभा होती. पोरांच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस तो असा, मोकळ्या आभाळाखाली.

दुसरी शाखा मोंझात, मोटारींच्या शर्यतींच्या गावात. २ एप्रिल २०२३ रोजी, जागतिक स्वमग्नता जागृती दिनी, राष्ट्राध्यक्ष सेर्जो मात्तारेल्ला स्वतः उद्घाटनाला आले. त्याआधी, २०२१ च्या अखेरीस, संसदेनं आणखी एक तरतूद मंजूर केली होती: ज्या नव्या उद्योगात किमान दोन तृतीयांश कर्मचारी स्वमग्न असतील त्याला सवलती. लोक तिला ‘पिझ्झाउत कायदा’ म्हणतात. आकाम्पोरांचं पुढचं स्वप्न फिरत्या पिझ्झागाड्यांचं आहे. ते पाहिलं तेव्हा इटलीत प्रांत १०७ होते, म्हणून गाड्याही १०७.

मुंबईकरांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. जुहूचं कॅफे अर्पण २०१८ पासून चालतंय, तिथंही स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेले तरुण पगारावर काम करतात आणि तिथंही सुरुवातीला एक पालकच होते. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नता धरली आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ४ टक्के केलं. जुहूच्या कॅफेसारखी ठिकाणं जिल्ह्याजिल्ह्यात हवीत, ही मागणी अवास्तव मुळीच नाही.

मिलानला जाणारी मराठी मंडळी दुओमो पाहतात, लिओनार्दोचं भित्तिचित्र पाहतात. एक संध्याकाळ राखून ठेवली तर शहरातून हिरव्या मेट्रोनं कासिना दे पेकी साधारण अर्ध्या तासावर आहे. मोंझाला रेल्वेनं पाव तास पुरतो. टेबल आधी राखून ठेवावं. ऑर्डर घ्यायला कुणी आलं की एका वेळी एकच पदार्थ सांगावा, स्पष्ट शब्दांत, आणि ते लिहून होईपर्यंत थांबावं.