नमुन्याआधी परवाना : अभयारण्यातील संशोधनाचे नियम

विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा आखत वाहणाऱ्या पैनगंगेच्या काठाने, यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत, सागाचे पानझडी जंगल पसरलेले असून त्याचा मोठा भाग पैनगंगा अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. किनवट, माहूर, हिमायतनगर या भागांतील विद्यार्थ्यांना हे जंगल घराजवळचे. लातूरच्या विद्यार्थ्यांना मात्र ते प्रवास करून गाठावे लागते, कारण राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, पुढे लातूरला त्याचे उपकेंद्र आले, आणि या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व पर्यावरणशास्त्राचे संशोधन करणाऱ्यांची संख्या वाढत गेली. यातील प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतो : जंगलातून अभ्यासासाठी एक फांदी, एक बेडूक किंवा मूठभर माती आणायची, तर त्याला परवानगी लागते का, आणि लागत असेल तर कोणाची?

लागते, हे त्याचे थोडक्यात उत्तर. आणि ती का लागते, हे कायद्यातील व्याख्या पाहिल्याशिवाय कळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ बंदुकीने प्राणी मारणे एवढाच नाही. वन्य प्राण्याला पकडणे, जाळ्यात अडकवणे, आमिष दाखवणे, त्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणे, पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना व घरट्यांना धक्का लावणे, हे सारे शिकारीतच मोडते. म्हणजे अनुसूचीतील सरड्याच्या शेपटीचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी घेणारा संशोधक आणि त्याच सरड्यासाठी फासा लावणारा माणूस, या दोघांची कृती कायद्याच्या दृष्टीने एकाच व्याख्येखाली येते, आणि त्यांच्यात फरक करतो तो परवाना. अनुसूची म्हणजे संरक्षण दिलेल्या जातींची, कायद्याला जोडलेली यादी. पूर्वी अशा सहा अनुसूची होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्या चार झाल्या. पहिल्या अनुसूचीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी, दुसरीत इतर संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती आणि चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती येतात.

हा परवाना कलम १२ खाली मिळतो. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वन्यजीवांचे शास्त्रीय व्यवस्थापन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालय किंवा वस्तुसंग्रहालयासाठी नमुने गोळा करणे आणि जीवरक्षक औषधांसाठी सापाचे विष काढणे, एवढ्या कारणांसाठी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नोंदवून लेखी परवाना देऊ शकतात. परंतु प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्र सरकारची आणि अन्य संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत राज्य सरकारची पूर्वपरवानगी त्यांना घ्यावी लागते. महाराष्ट्रात मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपूरला आहे. नांदेडच्या संशोधकाचा अर्ज तेथे जातो, आणि जागेवरील पडताळणी स्थानिक वन कार्यालयाकडून होते.

येथे अनेकांची गल्लत होते ती अशी की, अभयारण्यात शिरण्याचा परवाना आणि तेथून काही उचलण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कलम २८ खाली वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन यांसाठी प्रवेशाची परवानगी मिळते; पण ती हातात असली म्हणजे पिशवी भरून नमुने आणण्याची मुभा मिळाली, असे होत नाही. कलम २९ प्रमाणे अभयारण्यातील वन्यजीव किंवा वनोपज हलवण्यास मनाई आहे. कायद्यातील ‘वन्यजीव’ या संज्ञेत अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही येते, आणि वनोपजात जंगलातील पृष्ठमाती व दगडही येतात. त्यामुळे तिसऱ्या अनुसूचीत नाव नसलेले साधे गवतसुद्धा अभयारण्याच्या हद्दीत मोकळे राहत नाही, आणि खडकाचा तुकडा हातोडीने फोडून नेणाऱ्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हा नियम लागू होतो. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या झोळ्यात तळाशी कापूस घातलेली, इथिल ॲसिटेट शिंपडलेली रुंद तोंडाची बाटली असते. जाळ्यात सापडलेला भुंगा किंवा पतंग तिच्यात टाकून मारला जातो आणि नंतर टाचणीला लावून पेटीत ठेवला जातो. शेताच्या बांधावर हे नेहमीचे काम. परंतु वन्यजीवांना अपाय करू शकेल असे रसायन अभयारण्यात वापरण्यास कलम ३२ मज्जाव करते, म्हणून ही बाटलीसुद्धा अर्जात नमूद असली पाहिजे.

मेलेल्या प्राण्याचे काय, हाही नेहमीचा प्रश्न. रस्त्यावर वाहनाखाली सापडलेले उदमांजर किंवा वाटेत पडलेला मोर मृत आहे, मग ते उचलून प्रयोगशाळेत नेण्यास काय हरकत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कलम ३९ नुसार मृतावस्थेत सापडलेला संरक्षित वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते, आणि सापडल्याची खबर वन अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना देणे बंधनकारक आहे. अभ्यासासाठी तो मिळू शकतो, मात्र रीतसर मागणी करून.

नियम मोडल्यास काय होते याचे उदाहरण बंगालातले आहे. २००८ मध्ये दार्जिलिंग जिल्ह्यातील सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात परवान्याविना कीटक गोळा केल्याबद्दल दोन झेक नागरिकांना अटक झाली. त्यांच्यापैकी एक नावाजलेला कीटकशास्त्रज्ञ होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या सुटकेसाठी आवाहने केली, तरीही न्यायालयाने दोघांना दोषी धरले, एकाला दंड केला आणि दुसऱ्याला कैदेची शिक्षा सुनावली. भारतीय संशोधकालाही कायदा वेगळा नाही. अभयारण्यातील शिकारीच्या गुन्ह्याला आज किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे.

एवढी कडक बंधने विज्ञानाच्या आड येतात, अशी तक्रार संशोधकांकडून होत असते, आणि तिच्यात तथ्य आहे. पावसाळ्यात तीन महिने फुलणाऱ्या वनस्पतीच्या अभ्यासासाठी केलेला अर्ज हिवाळ्यात मंजूर झाला, तर त्या वर्षाचे काम बुडते आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीही संपत येते. अर्जांचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. परंतु विलंबाचा दोष हा नियमाचा दोष नव्हे; नमुन्याची शास्त्रीय किंमत त्याच्यासोबतच्या खऱ्या नोंदीवर ठरते, आणि परवाना ही त्या नोंदीतली पहिली ओळ असते.

याची साक्ष महाराष्ट्रातच मिळते. रानपिंगळा हे छोटे घुबड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. संग्रहालयांत त्याचे मोजके नमुने होते आणि त्यांतला एक १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर होती. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासणी करून दाखवले की, तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता, संग्रहालयातून तो चोरला गेला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली गेली होती. खोटे ठिकाण बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांचा माग घेतल्यावर रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत आढळला. एका खोट्या चिठ्ठीने अनेक दशके शोध भलतीकडे नेला, आणि प्रामाणिक चिठ्ठ्यांनी तो मार्गावर आणला.

वनस्पतिसंग्रहाच्या कागदावर, साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या त्या जाड कागदावर, उजव्या कोपऱ्यात खाली अशीच चिठ्ठी चिकटवलेली असते : वनस्पतीचे शास्त्रीय व स्थानिक नाव, गाव व तालुका, तारीख, अधिवास, फुलांचा रंग (कारण वाळल्यावर तो उडतो), संकलकाचे नाव आणि संकलन क्रमांक. वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा द्विखंडी ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो अशाच नोंदींवर उभा आहे. परवान्याचा क्रमांक या चिठ्ठीवर लिहिण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. ती लागली पाहिजे.

परवान्यासह केलेल्या संशोधनाचे मोठे फळ याच परिसराने पाहिले आहे. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभाग यांनी एका तरुण वाघाला बेशुद्ध करून त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवला. वाघ पहिल्या अनुसूचीतला, म्हणून त्याला हात लावण्यासाठीच वरपर्यंत मंजुरी हवी. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाघ निघाला आणि तेलंगणचा आदिलाबाद भाग, नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे ओलांडत, शेतांमधून, बहुधा रात्री चालत, सुमारे १,३०० किलोमीटरनंतर डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मराठवाड्याच्या कापूस-सोयाबीनच्या शेतांतून वाघाची वाट जाते, हे त्या पट्ट्यामुळे नकाशावर उमटले.

अभयारण्याच्या बाहेर दुसरा कायदा उभा असतो, आणि लातूरच्या वाचकांसाठी तोच अधिक जवळचा. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला येथील जैविक संसाधन संशोधनासाठी घ्यायचे असल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. नवी जाती सापडली, तर तिचे प्रमाण-नमुने शासनाने नेमलेल्या संग्रहांत जमा करणे आवश्यक आहे; भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थांचे संग्रह त्यांत येतात व दोन्ही संस्थांची प्रादेशिक केंद्रे पुण्यात आहेत. याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे.

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे वनस्पती बेट या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. संजीवनी बेट या नावानेही ओळखली जाणारी ही टेकडी औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असून उत्तरा नक्षत्राच्या काळात, सप्टेंबरच्या मध्यापासून, दूरदूरचे लोक वनस्पतींचा पाला खाण्यासाठी तेथे येतात. ते अभयारण्य नव्हे. तेव्हा अभयारण्याचे नियम तेथे लागत नाहीत. स्थानिक लोक, वैदू आणि वैद्य यांच्या पारंपरिक वापराला जैवविविधता कायद्यानेही मोकळीक दिली आहे. मात्र ज्या टेकडीवर एखाद्या जातीची मोजकीच झाडे उरलेली असतील, तेथे दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयाच्या सहलीने मुळासकट नमुना उपटून वहीत चिकटवणे हे कायद्यात बसले तरी अभ्यासाला शोभणारे नाही. पूर्वी संग्रहित नमुना पाहता येत असेल तर नवा घेऊ नये, छायाचित्राने भागत असेल तर फांदी तोडू नये, आणि तोडावी लागलीच तर मूळ व बी राखावे, हे संकेत वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी पहिल्या तासाला सांगावेत.

नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांनी यात पुढाकार घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने नागपूरला अर्ज पाठवून वाट पाहण्याऐवजी विभागप्रमुखांनी पुढील पावसाळ्याचे संशोधन आदल्या हिवाळ्यातच ठरवून, जातींची नावे, नमुन्यांची संख्या, जागा, पद्धत आणि नमुने शेवटी कोठे ठेवले जाणार हे स्पष्ट लिहून संस्थेच्या नावाने प्रस्ताव द्यावा. काम सुरू करण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवावे, आणि ते संपल्यावर अहवालाची एक प्रत त्या कार्यालयाला व दुसरी, मराठीत, ज्या गावाच्या शिवारात काम झाले तेथील जैवविविधता समितीला द्यावी.