आधी ताळा, मग रीत

उन्हाळा तापू लागला, की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अरण्यांत तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. पहाटे तोडून आणलेली पाने घरोघर मोजून बांधली जातात. सत्तर पानांचा एक पुडा व हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब आपल्या राज्यात रूढ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क मिळालेल्या गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा हा व्यवहार आता स्वतःच पाहतात.

समजा, अशा एका ग्रामसभेला मजुरीचा हिशेब संगणकावर करावयाचा आहे. त्यासाठी संगणकाला ज्या क्रमवार सूचना द्याव्या लागतात, त्यांस आज्ञावली म्हणतात. पूर्वी ती माणसेच लिहीत. आता अफाट मजकुरावरून शिकविलेली ‘लँग्वेज मॉडेल’ नावाची साधनेही ती लिहितात. त्यांना काम सांगण्याची एक नामी युक्ती आहे : रीत सांगावयाची नाही, ताळा तेवढा द्यावयाचा. अशा ताळ्याला ‘युनिट टेस्ट’ म्हणतात. २०२१ साली ‘कोडेक्स’ या मॉडेलची १६४ प्रश्नांवर परीक्षा झाली, तेव्हाही ताळा जुळला तरच उत्तर बरोबर धरले गेले.

शंभर पुड्यांस ४०० रुपये दर आहे, असे धरू. ताळे असे लिहिले : १०० पुड्यांचे ४०० रुपये, २०० चे ८००, ३०० चे १२००. मॉडेलने आज्ञावली लिहावयाची, आपण ती चालवून पाहावयाची. एखादा ताळा चुकला, तर ती चूक दाखवून पुन्हा लिहून घ्यावयाची.

तिन्ही ताळे जुळले. मग काम झाले काय? एक बाई २५० पुडे घेऊन आली. तिला १००० रुपये मिळावयास हवेत. परंतु आज्ञावलीने १०० ने भागून बाकी टाकून दिली असेल, तर ती दोनच शेकडे धरील व ८०० रुपये सांगेल! पन्नास पुड्यांचे, म्हणजे साडेतीन हजार पानांचे श्रम बुडाले. आणि ताळे मात्र तिन्ही जुळतातच. याहून आळशी आज्ञावलीही संभवते. ती हिशेब करीतच नाही; दिलेली तीन उत्तरे पाठ म्हणून दाखविते. असे विद्यार्थी तुमच्याही पाहण्यात असतील.

म्हणून ताळे लिहिणाऱ्याने अडचणीच्या जागा हेराव्या लागतात : २५० पुडे, एकच पुडा, शून्य पुडे. काही ताळे मॉडेलला न दाखविता राखून ठेवावे, म्हणजे पाठांतर उघडे पडते. आणि एखाद्या पुड्यात अडुसष्टच पाने निघाली, तर तो धरावयाचा की नाही? ते ग्रामसभेत ठरावयाचे. ठरल्यावरच त्याचा ताळा लिहिता येतो.