हंसराज : ओलाव्याचा साक्षीदार

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याच सुमारास सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर काळ्या, तारेसारख्या चकचकीत देठांची आणि अर्धचंद्राकृती पानांची एक नाजूक वनस्पती उगवते. तिला लोक हंसराज म्हणतात. नेच्यांच्या ‘ॲडिअँटम’ या प्रजातीतील ही एक जाती. (वनस्पतिशास्त्रातील ‘जाती’ केवळ वर्गीकरणापुरती आहे, तीत उच्चनीचता नाही, हे विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.)

या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती असून त्यांतील सर्वाधिक दक्षिण अमेरिकेत आढळतात. ग्रीक भाषेतून आलेल्या तिच्या नावाचा अर्थ ‘न भिजणारी’ असा आहे. पानावर पडलेले पाणी थेंब होऊन घरंगळते, पान कोरडेच राहते. मात्र पाण्यावाचून या वनस्पतीचा वंश पुढे जात नाही. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते आणि त्या दुमडीच्या आतल्या अंगाला बीजाणू तयार होतात. धुळीसारखे हे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात. जेथे रुजतील तेथे प्रथम नखाहूनही लहान, हृदयाकृती हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरील पुंबीजे पोहत जाऊन स्त्रीबीजाला मिळतात. त्यासाठी पाण्याचा पातळ थर तरी हवाच. म्हणून बीजाणू सर्वत्र पोहोचले, तरी नेचा दिसतो तो ओलावा टिकणाऱ्या जागीच.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट उपयोगी आहे. बेसाल्टच्या थरांमधून पाणी कोठे झिरपते, हे लेणी खोदणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. कान्हेरीत विहारांलगत पाण्याची टाकी आहेत आणि तेथील शिलालेखांत ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याच्या नोंदी आहेत. उपासकांनी भिक्खुसंघासाठी केलेले हे जलदान होते. पावसाळ्यात कान्हेरीच्या परिसरातील कातळांवर हंसराज आजही उगवतो.

याच प्रजातीतील दुसरी एक जाती चुना असलेल्या ओल्या दगडावर वाढते. भूमध्य समुद्राभोवतीच्या झऱ्यांपासून भारतातील जुन्या विहिरींपर्यंत ती आढळते. चुन्यात बांधलेल्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर ती बिनदिक्कत पसरली. त्याच विहिरीच्या काठाला स्पर्श करण्याची मुभा आमच्या पूर्वजांना नव्हती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, माणुसकीच्या हक्काचा होता.

आज अशा विहिरी कोठे बुजवल्या जातात, तर कोठे आतून सिमेंटने लिंपल्या जातात. गुळगुळीत, कोरड्या भिंतीवर बीजाणूला थारा मिळत नाही. त्यातच आयुर्वेदात आणि युनानी वैद्यकात औषध म्हणून उपयोग असल्याने हंसराज मुळासकट उपटला जातो. पाने खुडली तर जमिनीखालच्या खोडातून तो पुन्हा फुटू शकतो. खोडच गेले, तर ती जागा रिकामी होते.

लेण्यांच्या सहलीला श्रावणात गेलात, तर एक पान न तोडता उलटून पाहा. तपकिरी, दुमडलेली कड भिंगाविनाही दिसते. पाऊस सरल्यावर कातळावरील अर्धचंद्राकृती पाने वाळून जातात. जुन्या विहिरीतला त्याचा भाऊबंद मात्र ऐन वैशाखातही हिरवा दिसला, तर त्या दगडामागे बारमाही ओल आहे असे समजावे.